अन्य

समाजशास्त्रात एम.ए. केलं, त्याला एकतीस वर्षं झाली.
उपयोग एवढाच उरला
की प्रश्नावली हातात आली
तर तिचा कल आधी दिसतो,
उत्तरं नंतर.

पुरानंतर वॉर्ड ऑफिसनं बाया नेमल्या,
घरामागे पस्तीस रुपये, गमबूट आपापले.
माझ्या वाट्याला आमचीच सोसायटी
आणि तिच्या मागची वस्ती, म्हणजे
भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं.
नकाशात ती भिंत नाही.
नकाशात नुसता विश्वामित्रीचा पट्टा,
निळ्या पेन्सिलीनं, जरा घाईत रंगवलेला.

पाणी किती चढलं?
रमीलाबेन हात कमरेला लावतात, मग थोडा वर.
फ्रिज, घरघंटी, लग्नाच्या अल्बमची चिकटलेली पानं.
मगरीला रकाना नाही, तरी जो तो मगरच सांगतो:
पार्किंगमध्ये, दवेंच्या ॲक्टिवाला टेकून,
साडेसात फूट. छे हो, नऊ.
दोन रात्री राहिली, कुणी हाकललं नाही.
वॉचमननं लांबून हात जोडले,
खोडियार मातेचं वाहन ते.
किरीटभाई म्हणाले, बिचारी जाणार कुठे,
तिच्याच घरावर तर आपण स्लॅब घातलाय.

हे वाक्य मी फॉर्मच्या पाठीमागे लिहून घेतलं.

किरीटभाई आमचे सेक्रेटरी.
मार्चमध्ये फणसेकाकांनी फ्लॅट काढला,
घेणारी सलमा मलेक, दवाखान्यात नर्स,
तेव्हा वांधा अर्ज त्यांनीच टाइप करून आणला.
'आमचा व्यक्तिशः विरोध नाही' अशी सुरुवात होती.
पुढे अशांत धारा, कलम अमुक,
कलेक्टरसाहेबांस नम्र विनंती.
लिफ्टजवळ टेबल, टेबलावर पेढ्यांचा बॉक्स,
कुणाचा तरी मुलगा सीए झालेला.
सव्वीस सह्या.
सातवी माझी.
पेन उमटत नव्हतं. मी दुसरं मागून घेतलं.

रकाना अकरा.
सर्वांत आधी मदत कोणी केली?
सरकार, संस्था, पाडोशी, अन्य.
एकावरच खूण करावी.

रमीलाबेन नवऱ्याकडे बघतात.
ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून
मागच्या वस्तीतली तीन पोरं आली होती.
सासूबाईंना डायलिसिसला त्यांनीच नेलं,
एकाच्या पायात खिळा घुसला, तरी नेलं.
मग पाडोशी लिहू?
'ना ना,' नवरा म्हणतो,
'पाडोशी तो आ दवे. एमने अन्यमां लखो.'
लिहिलं.
घरामागे पस्तीस रुपये घेणारी बाई
उत्तराशी वाद घालत नाही.

दुपारी पलीकडे गेले.
भिंतीला वळसा घालून अकरा मिनिटं लागतात,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोजली.
शमीमबीनं खुर्ची पुसून दिली.
तिच्या दारालाही तीच गढूळ रेघ, कडीच्या जरा खाली.
रकाना अकराला तिनं विचारसुद्धा केला नाही.
पाडोशी.
कोण?
तिनं भिंतीकडे हनुवटी उडवली:
वरून कुणी रबरी नळी सोडली होती,
दोन दिवस गोडं पाणी येत होतं.
तोंड दिसलं नाही. हिरव्या बांगड्या दिसल्या.

माझ्या नव्हत्या.
मी तेव्हा गच्चीवरून
मगरीचा व्हिडिओ काढत होते.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना:
खाडाखोड आढळल्यास फॉर्म रद्द समजला जाईल.
गठ्ठा बांधताना
रमीलाबेनचा फॉर्म वर आला, तो मी खाली सरकवला.

एक घर राहिलं होतं.
तळमजला, फणसे. कुलूप.
दाराच्या फटीतून वाळलेला गाळ बाहेर आलेला,
त्याला भेगा पडलेल्या.
आतून वास.
पाणी किती चढलं, कोणाला विचारायचं?

मी लिहिलं: घर बंद.
पस्तीस रुपये त्याचेही मिळतात.